आरशापूर्वीचे शरीर : बालकाच्या शरीरजाणिवेविषयीच्या आरसा-केंद्री मांडणीची चिकित्सा

सारांश :
बालकाला स्वतःच्या शरीराची जाणीव कशी होते, या प्रश्नाचे उत्तर देताना आरशातील प्रतिमेच्या ओळखीला निर्णायक स्थान दिले जाते. झाक लाकाँ यांची ‘आरसा-अवस्था’ आणि प्रायोगिक मानसशास्त्रातील ‘खूण-चाचणी’ या त्या विचाराच्या दोन प्रमुख मांडण्या होत. प्रस्तुत लेखात या दोन्ही मांडण्यांची चिकित्सा केली आहे. शरीरजाणीव आरशापूर्वी स्पर्श, हालचाल आणि इतरांच्या हाताळणीतून घडू लागते व आरशातील ओळखीनंतरही ती अपुरीच असते. त्यामुळे आरसा हा शरीरजाणिवेचा उगम नव्हे आणि तिचे सार्वत्रिक मापही नव्हे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : शरीरजाणीव, आरसा-अवस्था, खूण-चाचणी, स्पर्शसंवेदना, संगोपनपद्धती.

प्रस्तावना :
‘हे शरीर माझे आहे’ ही जाणीव बालकाला केव्हा व कशी होते, हा प्रश्न मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र, तत्त्वज्ञान आणि साहित्यसमीक्षा अशा अनेक ज्ञानशाखांच्या सीमेवर उभा आहे. महाविद्यालयीन अध्यापनात त्याचे उत्तर बहुधा आरशाच्या साहाय्याने दिले जाते. मानसशास्त्राच्या वर्गात दीड ते दोन वर्षांचे मूल आरशात पाहून स्वतःच्या नाकावरील डाग पुसते, हे उदाहरण येते. साहित्याच्या वर्गात आरशातील अखंड प्रतिमेवर भाळणारे लाकाँचे बालक येते. ही दोन उदाहरणे अगदी भिन्न परंपरांतून आलेली आहेत. एक प्रयोगशाळेतून आले आहे, तर दुसरे मनोविश्लेषणातून. तथापि दोहोंमागील गृहीतक समान आहे. ते असे की, शरीर ‘आपले’ होते ते मुख्यतः ‘दिसल्या’मुळे.

हे गृहीतक तपासून पाहण्याची गरज केवळ तात्त्विक नाही. आरसा हेच माप मानले की ज्या मुलाच्या घरात आरसा दुर्मीळ आहे, ज्याला दृष्टी नाही किंवा ज्याचे संगोपन पाहण्या-बोलण्यापेक्षा अंगाखांद्यावर होते, ते मूल आपोआप ‘मागे’ ठरते. भावी शिक्षकांना आपण कोणते माप हाती देतो, हा म्हणूनच महत्त्वाचा प्रश्न ठरतो.

१. आरशाची परंपरा :
बालक आणि आरसा यांची गाठ संशोधनात प्रथम घालून देणाऱ्यांमध्ये चार्ल्स डार्विन यांचे नाव घ्यावे लागते. आपल्या मुलाविषयी ३७ वर्षांपूर्वी ठेवलेल्या नोंदींच्या आधारे त्यांनी १८७७ मध्ये ‘माइंड’ या नियतकालिकात एक टिपण प्रसिद्ध केले. साडेचार महिन्यांचे मूल आरशातील स्वतःच्या व वडिलांच्या प्रतिमेकडे पाहून हसत असे. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच, वडिलांनी मागून वेडावून दाखवल्याचे आरशात दिसताच ते मागे वळून पाहू लागले. नऊ महिन्यांच्या सुमारास नाव घेऊन हाक मारली की ते आरशाकडे वळे. डार्विन यांना यात प्रतिमा आणि ‘मी’ यांचे नाते जुळताना दिसले. पुढील शतकातील कसोटी लावली असती, तर हेच मूल अनुत्तीर्ण ठरण्याची शक्यता अधिक होती. वयाचा टप्पा बालकाइतकाच निरीक्षकाच्या निकषावर अवलंबून असतो, हे येथेच लक्षात येते.

विल्हेल्म प्रायर यांच्या १८८२ मधील बालमनाविषयीच्या ग्रंथात आरशाच्या जोडीला आणखी एक बोलके निरीक्षण आहे. त्यांच्या दुसऱ्या वर्षातील मुलाने खेळता खेळता स्वतःच्याच दंडाला चावा घेतला व वेदनेने तो ओरडला. चावणारा मीच आणि चावला गेलेलाही मीच, हा धडा येथे आरशाने दिला नाही. तो वेदनेने दिला.

या प्रश्नाची पद्धतशीर मांडणी फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आंरी वालाँ यांनी केली. बालकात स्वतःच्या शरीराची कल्पना कशी विकसित होते, हाच त्यांच्या १९३१ मधील निबंधाचा विषय आहे. वालाँ यांची सुरुवात आरशापासून होत नाही. शरीराच्या आतून येणाऱ्या संवेदना, स्नायू व सांध्यांतून येणाऱ्या स्थितिगतीच्या संवेदना आणि बाह्य जगाच्या संवेदना हे तीन प्रवाह आरंभी विस्कळीत असतात व त्यांचा मेळ क्रमाक्रमाने बसत जातो, अशी त्यांची धारणा आहे. आरसा हा या दीर्घ प्रक्रियेतील एक टप्पा होय.

लाकाँ यांनी १९३६ मध्ये मारिएनबाद येथील आणि १९४९ मध्ये झुरिक येथील मनोविश्लेषण परिषदेत आरसा-अवस्थेची मांडणी केली. सहा ते अठरा महिन्यांचे बालक हालचालींच्या दृष्टीने असहाय असते. त्याचा अनुभव तुटक असतो. आरशात मात्र त्याला अखंड आकृती दिसते, ते हर्षभरित होते आणि त्या आकृतीशी एकरूप होते. ‘मी’ची पायाभरणी अशा प्रकारे एका चुकीच्या ओळखीवर होते, हा या मांडणीचा गाभा आहे. वालाँ यांच्याकडून घेतलेल्या या कल्पनेचे ऋण लाकाँ यांनी पुरेसे मान्य केले नाही, असे इतिहासकार एलिझाबेथ रुदिनेस्को यांनी दाखवून दिले आहे. परंतु ऋणाच्या प्रश्नापेक्षा निवडीचा प्रश्न अधिक मोठा आहे. वालाँ यांच्या तीन प्रवाहांपैकी आरशाचा क्षण तेवढा पुढे आला आणि स्नायू, तोल व स्पर्श मागे पडले. मोरिस मेर्लो-पाँती यांनी १९४९ ते १९५२ या काळातील सॉरबॉन विद्यापीठातील व्याख्यानांत वालाँ व लाकाँ या दोघांचाही परामर्श घेतला. शरीर हे पाहण्याची वस्तू होण्यापूर्वी जगाशी व्यवहार करण्याचे साधन असते, हा त्यांचा १९४५ मधील ग्रंथातील विचार येथे मार्गदर्शक ठरतो.

लाकाँ यांच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. त्यांचा आरसा केवळ काचेचा नाही. दुसऱ्याच्या नजरेत स्वतःला पाहणे असाही त्याचा अर्थ होतो. डी. डब्ल्यू. विनिकॉट यांनी १९६७ मध्ये आईचा चेहरा हाच आरशाचा पूर्वावतार असल्याचे म्हटले, तेव्हा त्यांनी हीच दिशा पुढे नेली. परंतु आरसा असा विस्तारला की ‘पाहणे’ हा शब्दही अपुरा पडतो. आई मुलाकडे केवळ पाहत नाही, ती त्याला उचलते, न्हाऊ घालते, थोपटते. विनिकॉट यांच्या लेखनातील ‘धरून ठेवणे’ व ‘हाताळणे’ या संकल्पना येथे अधिक उपयोगी ठरतात, याची दखल साहित्याच्या वर्गात क्वचितच घेतली जाते.

२. खूण-चाचणी नेमके काय मोजते? :
गॉर्डन गॅलप यांनी १९७० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात चिंपांझींवरील प्रयोग प्रसिद्ध केला. आरशाची सवय झालेल्या चिंपांझींना भूल देऊन त्यांच्या भुवईवर व कानावर रंग लावण्यात आला. शुद्धीवर आल्यावर आरशात पाहून ते रंग लावलेल्या जागी हात नेऊ लागले. ब्यूला ॲम्स्टरडॅम यांनी १९७२ मध्ये ३ ते २४ महिने वयाच्या ८८ बालकांच्या नाकाला लाली लावून असाच प्रयोग केला. २० ते २४ महिन्यांच्या बालकांपैकी ६५ टक्क्यांनी स्वतःला ओळखल्याची लक्षणे दाखवली. मायकेल लुईस आणि जीन ब्रुक्स-गन यांच्या १९७९ मधील ग्रंथानंतर ही चाचणी स्व-जाणिवेची जणू अधिकृत कसोटी झाली.

या चाचणीत उत्तीर्ण होण्यासाठी बालकाला किमान चार गोष्टी साधाव्या लागतात. आरशातील हालचाल आपल्या हालचालीशी जुळते हे कळावे लागते. आपला चेहरा एरवी कसा दिसतो हे ठाऊक असावे लागते. चेहऱ्यावरील खूण ‘अस्थानी’ आहे असे वाटावे लागते. आणि अनोळखी माणसांसमोर तिच्याविषयी काही करण्याची इच्छा व मोकळीक असावी लागते. यांपैकी एकही कडी तुटली तरी निकाल सारखाच येतो. जो बालक ओळखत नाही तो आणि जो ओळखूनही हात नेत नाही तो, असे दोघेही एकाच रकान्यात पडतात. ही अडचण जाणवल्यामुळेच काही संशोधकांनी बाहुलीच्या चेहऱ्यावरील डाग पुसण्याचा सराव आधी करून घेण्याची पद्धत अवलंबिली.

तिसरी कडी मराठी वाचकाला विशेष विचार करायला लावणारी आहे. महाराष्ट्रातील असंख्य घरांत तान्ह्या बाळाला न्हाऊमाखू घातल्यावर कपाळाला, गालाला किंवा हनुवटीला काजळाची तीट लावली जाते. ‘अडगुलं मडगुलं’ हे बडबडगीत ज्या क्रियेपाशी येऊन थांबते, तीही तीट लावण्याचीच आहे. अशा बालकाच्या दृष्टीने चेहऱ्यावरील ठिपका हा विसंगतीचा नव्हे, तर वडीलधाऱ्यांच्या मायेचा भाग आहे. तो पुसायचा नसतो. पुसू लागल्यास हात बाजूला केला जातो. येथे बालकाने खुणेकडे हात नेला नाही, तर त्याला स्वतःची ओळख पटली नाही असा निष्कर्ष काढणे कितपत योग्य ठरेल? तिटेचा असा परिणाम होतोच असा दावा येथे नाही. परंतु चाचणीची रचना करताना चेहरा मुळात ‘स्वच्छ’ असतो हे जे गृहीत धरले गेले, ते सर्व घरांना लागू नाही, एवढे निश्चित म्हणता येते.

३. आरशाच्या अलीकडे आणि पलीकडे :
आरसा हा शरीरजाणिवेचा उगम असेल, तर त्यापूर्वी बालकाला ‘स्व’ आणि ‘पर’ यांतील भेद कळू नये. पुरावा मात्र उलट दिशेचा आहे. फिलिप रोशा व सुसान हेस्पॉस यांनी १९९७ मध्ये जन्मानंतरच्या पहिल्या चोवीस तासांतील अर्भकांचे निरीक्षण केले. गालाला दुसऱ्याचे बोट लागल्यास अर्भक तोंड वळवून स्तनाचा शोध घेऊ लागते. हा प्रतिसाद स्वतःचा हात गालाला लागला असता मिळणाऱ्या प्रतिसादाच्या जवळजवळ तिप्पट वेळा आढळला. स्वतःला स्पर्श करताना हाताला आणि गालाला अशी दुहेरी संवेदना होते. दुसऱ्याच्या स्पर्शात ती एकेरी असते. स्वतःच्या शरीराची सीमा ओळखण्याचे हे पहिले साधन आरशाविना आणि शब्दाविना उपलब्ध असते.

लॉरेन बारिक व जॉन वॉटसन यांनी १९८५ मध्ये पाच महिन्यांच्या बालकांना दोन पडदे दाखवले. एकावर बालकाचेच त्या क्षणी हलणारे पाय होते, तर दुसऱ्यावर त्याच्या हालचालीशी न जुळणारे पाय होते. बालके न जुळणाऱ्या पायांकडे अधिक वेळ पाहत राहिली. म्हणजेच जुळणारे दृश्य त्यांच्या परिचयाचे झाले होते. येथे दृष्टी आहे, पण ती एकटी नाही. स्नायूंना आतून जाणवणारी हालचाल आणि डोळ्यांना दिसणारी हालचाल यांचा मेळ हेच ओळखीचे मर्म आहे.

अशा पुराव्यांबाबतही सावधगिरी आवश्यक आहे. अँड्र्यू मेल्टझॉफ व कीथ मूर यांनी १९७७ मध्ये दोन-तीन आठवड्यांचे अर्भक मोठ्यांनी जीभ बाहेर काढल्यास तसेच अनुकरण करते, असे प्रतिपादन केले होते. जन्मजात देहाराखड्याचा पुरावा म्हणून ते दीर्घकाळ शिकवले गेले. २०१६ मध्ये यानीन ओस्टेनब्रुक व सहकाऱ्यांनी १०६ अर्भकांच्या अभ्यासात अशा अनुकरणाचा आधार आढळत नसल्याचे दाखवले. अर्भकाला सर्व काही जन्मतःच ठाऊक असते, ही दुसऱ्या टोकाची भूमिकाही त्यामुळे तेवढीच तपासून घ्यावी लागते.

आरशाच्या पलीकडची बाजू तितकीच उद्बोधक आहे. ज्युडी डीलोश व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दीड ते अडीच वर्षांच्या मुलांच्या एका चमत्कारिक चुकीची नोंद केली. मोठ्या घसरगुंडी, खुर्ची व गाडीशी खेळल्यानंतर त्याच वस्तूंच्या चिमुकल्या प्रतिकृती समोर ठेवल्या असता काही मुले बाहुलीच्या खुर्चीत गांभीर्याने बसू लागली व खेळण्यातल्या गाडीत पाय घालू लागली. सीलिया ब्राउनेल व सहकाऱ्यांच्या २०१० मधील अभ्यासात २० महिन्यांच्या मुलांना स्वतःच्या अंगावरील मोजकीच ठिकाणे अचूक शोधता आली, तर ३० महिन्यांच्या मुलांना त्याहून अधिक. डॅनियल पोव्हिनेली व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये मुलांच्या नकळत त्यांच्या डोक्यावर चिकटपट्टी लावून काही मिनिटांनी त्याचे चित्रीकरण दाखवले. आरशात स्वतःला ओळखू शकण्याच्या वयातील दोन-तीन वर्षांच्या अनेक मुलांनी चित्रीकरण पाहूनही डोक्याला हात लावला नाही. चार वर्षांच्या सुमारास बहुतेकांना ते जमले.

आरशात डाग पुसण्याच्या वयातील मूल आपण केवढे आहोत, कुठे मावतो आणि क्षणापूर्वीचे ‘मी’ आताच्या ‘मी’शी कसे जोडलेले आहे, हे अद्याप शिकतच असते. आरशातील ओळख हा एका लांब वाटेवरील मैलाचा दगड आहे; वाटेचा आरंभ किंवा शेवट नव्हे.

४. संगोपनाचा हात :
ही वाट सर्वत्र सारखी नाही. हायडी केलर व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये कॅमेरूनमधील शेतकरी न्सो समाज, ग्रीसमधील शहरी कुटुंबे आणि कोस्टारिकातील मध्यमवर्गीय कुटुंबे यांची तुलना केली. अंगाशी धरणे व हालचालींना चालना देणे यांवर भर असलेल्या न्सो संगोपनात बालकांमध्ये आत्मनियमन लवकर आढळले. नजरानजर व वस्तूंशी खेळणे यांवर भर असलेल्या ग्रीक कुटुंबांत आरशातील ओळख लवकर आढळली. तान्या ब्रॉश व सहकाऱ्यांच्या २०११ मधील अभ्यासात केनियातील दीड ते सहा वर्षांच्या ८२ मुलांपैकी केवळ दोन मुले खूण-चाचणीत उत्तीर्ण झाली. अनेक मुले आरशापुढे निश्चल उभी राहिली. सहा वर्षांच्या, घरातील कामे करणाऱ्या मुलाला स्वतःच्या शरीराची जाणीव नाही, असे कोणीही विवेकी माणूस म्हणणार नाही. तेव्हा येथे अनुत्तीर्ण झाली ती चाचणी, असे म्हणणे अधिक योग्य होईल.

या संदर्भात जोसेफिन रॉस व सहकाऱ्यांचा २०१७ मधील अभ्यास निर्णायक महत्त्वाचा वाटतो. स्कॉटलंड, तुर्कस्तान व झांबिया येथील १५ ते १८ महिन्यांच्या बालकांना त्यांनी दोन चाचण्या दिल्या. एक आरशाची आणि दुसरी ‘शरीर-अडथळा’ चाचणी. दुसऱ्या चाचणीत बालक ज्या चटईवर उभे असते तीच चटई त्याला हलवायच्या वस्तूला जोडलेली असते. आपल्याच वजनामुळे वस्तू हलत नाही, हे उमजून त्याने बाजूला होणे अपेक्षित असते. आरशाच्या चाचणीत स्कॉटिश बालके सरस ठरली. शरीर-अडथळा चाचणीत झांबियातील बालके सरस ठरली आणि तुर्की बालकांची कामगिरी त्यांच्यासारखीच होती. केवळ पहिली चाचणी घेतली असती, तर झांबियातील बालके मागे असल्याचा निष्कर्ष निघाला असता. केवळ दुसरी घेतली असती, तर स्कॉटिश बालके मागे ठरली असती. आपले शरीर कसे दिसते हे जाणणे आणि आपले शरीर इतरांच्या व वस्तूंच्या वाटेत कुठे आहे हे जाणणे, ही शरीरजाणिवेची दोन स्वतंत्र अंगे आहेत.

आपल्याकडील संगोपनाचे वर्णन या दुसऱ्या अंगाच्या परिभाषेत अधिक नेमकेपणाने करता येते. पायांवर पालथे घेऊन बाळाला न्हाऊ घालणे, तेल लावून हातपाय चोळणे, हातापायांची तिढी घालून त्यांना व्यायाम देणे, झोळीत वा पाळण्यात झोके देणे, कडेवर घेऊन घरकाम करणे या साऱ्या क्रियांतून बालकाला आपल्या अंगाचा आकार, वजन, तोल आणि मर्यादा कळत असतात. ‘नाक कुठंय? कान कुठंय?’ हा घरोघरचा खेळ म्हणजे स्पर्श, शब्द आणि अवयव यांची सांगड घालण्याचा पाठच होय. अर्थात, या पद्धतींचे भाबडे उदात्तीकरणही योग्य नव्हे. त्यांचे परिणाम मोजणारी साधने विकसित करणे हे अभ्यासकांपुढील काम आहे.

५. प्रतिपक्ष : दृष्टीचे स्थान :
वरील विवेचनावर एक गंभीर आक्षेप घेता येतो. दृष्टी एवढी दुय्यम असेल, तर जन्मांध बालकांच्या शरीरजाणिवेत फरक पडू नये. सेल्मा फ्रायबर्ग यांनी १९७७ मधील ग्रंथात अंध बालकांच्या दीर्घ निरीक्षणांतून, ‘मी’ या सर्वनामाचा सुयोग्य वापर व खेळातील स्व-प्रतिनिधान त्यांच्यात उशिरा येते, असे मांडले होते. तथापि मिगेल पेरेझ-परेरा यांच्या १९९९ मधील अभ्यासानुसार सर्वनामांची अशी अडचण सर्वच अंध मुलांत आढळत नाही.

दृष्टी काय करते, याचा सूक्ष्म उलगडा स्पर्शाच्या प्रयोगांतून होतो. हात एकमेकांवरून ओलांडले असता कोणत्या हाताला आधी स्पर्श झाला हे सांगताना डोळस माणसांचा गोंधळ उडतो. ब्रिगिट रोडर व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवले की, जन्मांध व्यक्तींचा तसा गोंधळ होत नाही. मात्र पुढे दृष्टी गेलेल्यांचा होतो. जन्नथ बेगम अली व सहकाऱ्यांच्या २०१५ मधील प्रयोगात सहा महिन्यांच्या बालकांचा पाय ओलांडलेल्या स्थितीत असा गोंधळ आढळला, पण चार महिन्यांच्या बालकांचा नाही. याचा अर्थ असा की, लहान बालकाला स्पर्श ‘अंगावर’ जाणवतो आणि पुढे तो ‘अवकाशात’ही जाणवू लागतो. दृष्टी शरीरजाणीव निर्माण करत नाही, तर आधीपासून असलेल्या स्पर्शाच्या नकाशाची पुनर्रचना करते. दृष्टीचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही, फक्त तिचे स्थान बदलते.

समारोप :
प्रस्तुत विवेचनातून पुढील निष्कर्ष मांडता येतात. पहिला, शरीरजाणीव ही एका क्षणी प्रकट होणारी वस्तू नसून स्पर्श, हालचाल, दृष्टी, भाषा आणि इतरांची हाताळणी यांतून वर्षानुवर्षे घडणारी प्रक्रिया आहे. दुसरा, खूण-चाचणी या प्रक्रियेतील एक मर्यादित अंग मोजते. तिच्यातील अपयश हे शरीरजाणिवेच्या अभावाचे लक्षण मानता येत नाही. तिसरा, लाकाँ यांची आरसा-अवस्था साहित्यकृतींतील दुभंगलेल्या ‘मी’च्या वाचनासाठी उपयुक्त रूपक असले, तरी बालविकासाचे वर्णन म्हणून ती उद्धृत करताना वालाँ यांचा वगळलेला अर्धा भाग सोबत वाचणे आवश्यक आहे.

अध्यापनाच्या दृष्टीने यातून एक साधी अपेक्षा निर्माण होते. तिचे बीज महाराष्ट्राच्या बालशिक्षणात फार पूर्वीच रुजले आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे सुरू केलेले व १९५७ पासून कोसबाड येथे विस्तारलेले कार्य मुलाच्या अंगणात जाऊन, त्याच्या परिसरातील साधनांनी, हात आणि इंद्रिये यांना काम देण्यावर उभे होते. बालमानसशास्त्राच्या वर्गात आरशासमोरच्या मुलाचे चित्र अवश्य असावे. परंतु त्याच्या शेजारी चटईवर उभे राहून गाडा ढकलू पाहणारे, बाहुलीच्या खुर्चीत बसू पाहणारे, न्हाणीघरात पायांवर पालथे पडलेले आणि डोळ्यांनी न पाहता बोटांनी स्वतःचा चेहरा चाचपणारे मूलही असावे. या सर्वांना एकाच मोजपट्टीने मोजणारा शिक्षक त्यांच्यातील काहींना नाहक अपूर्ण ठरवील. ती मोजपट्टी बदलण्याची जबाबदारी शिक्षक घडवणाऱ्या महाविद्यालयांवर आहे.